ठिपका

डब्यात तीनशे बारा.
ओल्या टिश्यूच्या घड्यांमध्ये निजलेल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर लाल रंगाचा एक ठिपका,
भिंग लावून, सुईच्या टोकाने, मीच दिलेला.
आठ दिवस लागले. मानेचं लाकूड झालं.

पापीतेच्या विमानतळावर गणवेशातल्या माणसाने विचारलं, काय आहे?
गोगलगायी, म्हणाले.
त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि शिक्का मारला.
त्याला वाटलं असावं, खायच्या.

आमच्या प्राणिसंग्रहालयात हत्तीपाशी रांग लागते.
ह्यांची खोली मागच्या अंगाला, बॉयलरशेजारी,
दारावर पाटीसुद्धा नाही.
तिथे तीस वर्षं, पिढीमागून पिढी,
ह्या नळाचा पाऊस प्यायल्या.
अंडी घालत नाहीत ह्या. एका वेळी एकच पिल्लू,
तांदळाच्या कणीएवढं, पण शंखासकट.
गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात.
ह्यांच्या पोटात तर अख्खं बेट होतं.

बेटावर धक्क्याला तुआरीई आला होता, अनवाणी.
डबा त्याने मांडीवर घेतला, गाडी मला चालवायला लावली,
अननसाच्या शेतांमधून, दरीच्या तोंडाशी
त्याच्या आत्याच्या घरापर्यंत.
मेरेआनाने ट्रंकेतून माळ काढली.
लग्नातली. दोनशे शंख, एकेक नखाएवढा,
मधाच्या, ताकाच्या, जळक्या साखरेच्या रंगाचा.
"तेव्हा फांदी हलवली की ओंजळ भरायची," ती म्हणाली.
"मग शेतं खाणारी मोठी गोगलगाय आली.
तिला मारायला साहेबांनी दुसरी आणली, शिकारी.
शिकारणीने मोठीला सोडलं
आणि आमच्या ह्या खाल्ल्या.
सोपं पडलं तिला."
एवढं बोलून ती मासे साफ करायला बसली.

रानात आम्ही त्या पानांच्या पाठीवर ठेवल्या.
अंधार पडेतो कोणी हललं नाही.
मग एकीने शिंग काढलं,
परत घेतलं,
परत काढलं.

सातव्या रात्री मोजल्या तेव्हा एकशे चाळीस.
महिन्याने एकसष्ट.
बाकीच्यांचे शंख झाडाखाली, रिकामे, ठिपक्यासकट.
ते मी पाकिटात भरले, वर तारीख घातली,
आणि संग्रहालयाच्या अहवालात
"अपेक्षित घट" असं लिहिलं.
हे दोन शब्द लिहिताना हात अडखळला नाही,
याचं नंतर, विमानात, वाईट वाटलं.

वर्षाने परत गेले. तीच दरी, हेडलाइटखाली तेच चिखलाचे पाय.
एकेक पान उलटायचं, बघायचं, सोडायचं.
मानेत पाणी, कानाशी डास.
चार तासांत सात सापडल्या, ठिपकेवाल्या.
मी वही मिटली होती.
तुआरीईने हाक मारली नाही, नुसती शीळ घातली.

एका पानाच्या शिरेला चिकटून, मसुराएवढी.
ठिपका नव्हता.
"रंग गळला असेल," मी म्हणाले.
भिंगातून पाहिलं. गळलेल्याची खूण नाही.
आणि आम्ही सोडलेल्यांत इतकी लहान एकही नव्हती.
तुआरीई काही बोलेना. पान हातात धरून
लहान मुलाला झोप लागल्यावर उभं राहतात
तसा उभा राहिला.

नियम असा, की सापडेल तिला खूण करायची.
बाटलीचं झाकण मी उघडलं होतं, सुई बुडवली होती.
मेरेआना गुडघ्यांमुळे वर आली नव्हती;
फोनवर सांगितलं तर आधी हसली,
मग विचारलं, "हातात काय आहे तुझ्या?"
रंग, म्हणाले.
"तिला नको लावू.
ती कुणी आणलेली नाही."

किती वेळ गेला कोण जाणे.
बाटलीत पावसाचं पाणी शिरलं, रंग फाटला.
वहीत मी लिहिलं, सात.
आणि खाली, रकान्याच्या बाहेर, जिथे
चहाच्या कपाचा गोल डाग होता,
तिथे एक.